संचालक घडविण्याचा उद्योग

मनुष्याने सुखाची इच्छा अवश्य धरावी, परंतु ती वरिष्ठांच्या कार्यालयात जाऊन बोलून दाखवू नये. हे तत्त्व कोणत्याही शास्त्रात लिहून ठेवलेले आढळत नाही. ते लिहिलेले असते, तर वॉरिनूक विद्यापीठातील मृदाशास्त्राचे अध्यापक डॉक्टर रॉडरिक व्हिटकोम यांच्यावर पुढे वर्णिलेला प्रसंग ओढवला नसता.

रॉडरिकरावांची इच्छा अगदी साधी होती. एकाच संस्थेची चाकरी दीर्घकाळ इमानाने केली म्हणजे मनुष्याला भरपगारी लांब रजा मिळते. ती रजा घ्यावी, मोटारीला कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, जोडावी, आणि पत्नीसमवेत निर्जन मैदाने ओलांडून पश्चिम किनारा गाठावा, एवढेच त्यांच्या मनात होते. कॅराव्हॅन विकत घेऊन बराच काळ लोटला होता. ती दारातच उभी असे. तिच्या चाकांखाली गवत उगवले होते, आणि आतल्या कपाटात पॉसम नावाच्या एका झुपकेदार शेपटीच्या प्राण्याने संसार थाटला होता. प्रवासाचा बेत दोनदा ठरून दोनदा मोडला होता. एकदा अभ्यासक्रमाची तपासणी आली म्हणून, आणि एकदा विद्यापीठाने आपले बोधचिन्ह बदलले म्हणून. बोधचिन्ह बदलल्याने मृदाशास्त्रज्ञाची रजा का रद्द व्हावी, हे ग्वेनिथबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, अद्याप उमगलेले नव्हते. खरे सांगायचे तर ते रॉडरिकरावांनाही उमगलेले नव्हते.

एके दिवशी सकाळी टोस्टवर व्हेजीमाइट लावता लावता ग्वेनिथबाई शांतपणे म्हणाल्या, "रॉडरिक, ईस्टर झाला की मी निघणार आहे."

"आपण निघणार आहोत."

"मी 'मी' म्हणाले. तू येणार असशील तर गाडीत जागा आहे. नसशील तर तुझ्या जागेवर पाण्याचे डबे ठेवीन."

"पण तुला कॅराव्हॅन मागे घेता येत नाही."

"शिकले. शेजारच्या मर्व्हनं शिकवलं. त्याचं कुंपण जरा मोडलं, पण काही बोलला नाही बिचारा."

रॉडरिकरावांचा घास हातातच राहिला. आजवर आपल्यावाचून ती कॅराव्हॅन अंगणाबाहेर पडणार नाही, या एका भरवशावर त्यांनी दोन बेत निर्धास्तपणे मोडू दिले होते. तो आधारस्तंभ शेजाऱ्याच्या कुंपणासह कोसळला होता. त्याच दिवशी ते डीनच्या कार्यालयात गेले आणि त्यांनी आपली इच्छा बोलून दाखविली.

डीन फिलिपा लँगट्री या अत्यंत प्रसन्न स्वभावाच्या बाई होत्या. त्यांनी आजवर कोणालाही कशासाठीही 'नाही' म्हटलेले नव्हते, आणि तरीही त्यांच्या कार्यालयातून कोणी काही घेऊन बाहेर पडल्याचे कोणी पाहिलेले नव्हते.

"अरे रॉडरिक, जा की बाबा. तुला कोण अडवतंय?" त्या म्हणाल्या. "फक्त तुझ्या जागी जो येईल त्याला तयार करून जा. एक कॉफी प्यायची, चार गोष्टी सांगायच्या. झालं."

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे प्राप्त आहे. रॉडरिकराव अध्यापक तर होतेच, पण कृषिविज्ञान पदवीचे अभ्यासक्रम-संचालकही होते. हे पद ज्यांनी भूषविलेले नाही त्यांना ते फार मोठे वाटते. विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला तर दोष संचालकाचा, उत्तीर्ण झाला तर श्रेय अध्यापकाचे. वर्गाचे छप्पर गळू लागले तर तक्रार संचालकाकडे येई, बादली मात्र दुसऱ्या खात्याच्या ताब्यात असे. संचालकाने ज्याला आज्ञा करावी असा एकही मनुष्य त्या विद्यापीठात नव्हता, आणि जो संचालकाला जाब विचारू शकणार नाही असाही एकही नव्हता. थोडक्यात, संचालक हा जबाबदारीचा धनी आणि अधिकाराचा भिकारी होता.

असे पद स्वतःहून कोण मागणार? त्यातून त्या मुलखाची रीत अशी, की 'हे काम मला जमेल' असे चारचौघांत म्हणणे हे असंस्कृतपणाचे लक्षण समजले जाते. तसे म्हणणाऱ्याला त्याचे स्नेही वर्षभर सुखाने बिअर पिऊ देत नाहीत. स्वतःहून पुढे यावयाचे नाही आणि दुसऱ्याला तोंडावर ढकलणेही प्रशस्त नाही, अशा पेचातून विभागाने पूर्वीच एक सभ्य मार्ग काढून ठेवला होता. सभेला जो गैरहजर असेल त्याची एकमताने निवड करावयाची. रॉडरिकराव स्वतः दाढ काढून घ्यावयास गेले असताना संचालक झाले होते. त्या वेळी त्यांचे तोंड बधिर असल्यामुळे निषेधही नोंदविता आला नव्हता.

त्यामुळे नव्या संचालकाच्या निवडीची सभा भरली तेव्हा विभागाच्या इतिहासात कधी झाली नव्हती एवढी उपस्थिती झाली. एक प्राध्यापक पाय प्लास्टरमध्ये घालून आले. दुसरे एक गृहस्थ प्रसूतिगृहातून आले. पत्नी तेथेच होती आणि काम अर्ध्यावर होते. एकच खुर्ची रिकामी राहिली. ती डॉक्टर वायोला फिफिता यांची होती. वायोला टोंगाची, ऑकलंडमध्ये शिकलेली, तणांवर संशोधन करणारी आणि विभागात नुकतीच आलेली. ही रीत तिला कोणी सांगितलेली नव्हती. सर्व विभाग एका खोलीत कोंडून बसलेला असताना ती भोळी मुलगी एकटीच शेतात बार्लीची कणसे मोजीत होती.

सायंकाळी चिखलाचे बूट घालून ती परतली, तेव्हा प्लास्टरवाल्या प्राध्यापकांनी स्वतः लंगडत जाऊन तिच्यापुढे लॅमिंग्टन केकची बशी धरली.

"काय झालंय?" वायोलाने विचारले. "मी आल्यापासून तुम्ही मला साधं बिस्किट विचारलेलं नाही."

झालेला प्रकार ऐकून तिने केक खाली ठेवला, थोडा विचार केला, आणि पुन्हा उचलून खाल्ला. रॉडरिकरावांना तिचे हे धैर्य मनापासून आवडले. ते म्हणाले, "वायोला, घाबरू नकोस. एक कॉफी पिऊ. मी तुला सगळं सांगतो."

दुसऱ्या दिवशी उभयता उपाहारगृहात जाऊन बसली. कॉफी आली. रॉडरिकरावांनी घसा साफ केला आणि पहिली गोष्ट सांगावयास आरंभ केला, "हे बघ, सोमवारी सकाळी ईमेल उघडायचा नाही, कारण..."

"रॉडरिक, हे तू काय चालवलंयस?" शेजारच्या मेजावरून एक मधुर आवाज आला. तो ब्रायनी स्टॅथम यांचा होता. ब्रायनीबाई अध्यापन-विकास केंद्राच्या प्रमुख. शिकविणाऱ्यांना शिकविणे हे त्या केंद्राचे काम असून तेथे प्रत्यक्ष शिकविणारे कोणी नव्हते.

"कॉफी पितोय," रॉडरिकराव म्हणाले.

"नाही, तू तिला तयार करतोयस. मी ऐकलं. नोंदणी केलीस?"

"कॉफीची?"

"तयारीची. हे बघ, मी काही अडवत नाही तुला. पण तू एकट्या वायोलाला तयार केलंस, तर यंदाच्या बाकीच्या नव्या संचालकांनी काय घोडं मारलंय? नर्सिंगचे आहेत, लेखाशास्त्राचे आहेत. त्यांना कोण कॉफी पाजणार?"

रॉडरिकरावांजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि विद्यापीठात ज्याच्याजवळ उत्तर नसते त्याच्याकडे काम जाते. कॉफी थंड होण्यापूर्वीच तिचे रूपांतर 'पहिले पाऊल' नामक नवसंचालक-सज्जता कार्यक्रमात झालेले होते. त्याचे प्रणेते म्हणून डॉक्टर व्हिटकोम यांचे नाव लागले होते, आणि कार्यक्रम यशस्वीपणे पार पडल्यावाचून प्रणेत्याने रजेवर जाऊ नये, असा डीनबाईंचा प्रेमळ निरोपही येऊन पोहोचला होता.

कार्यक्रमाला उद्दिष्टे लागतात. ती रॉडरिकरावांनी लिहिली. ब्रायनीबाईंनी ती परत पाठविली, कारण उद्दिष्टांत 'समजणे' हे क्रियापद वापरलेले होते. समजले की नाही हे मोजता येत नसल्याने या विद्यापीठात कोणी काही समजून घेणे बंद झाले होते. पुढे संभाव्य धोक्यांची नोंद मागण्यात आली. रॉडरिकरावांनी प्रामाणिकपणे दोन धोके लिहिले. एक, गरम कॉफीने भाजणे. दुसरा, नैराश्य. ब्रायनीबाईंनी भाजण्याचा धोका मान्य केला आणि नैराश्य खोडले. "त्याच्यासाठी वेगळं खातं आहे," त्या म्हणाल्या. "ते सध्या बंद आहे."

ईस्टर जवळ येत चालला. संध्याकाळी घरी आल्यावर रॉडरिकरावांना कॅराव्हॅनच्या चाकांखालील गवत कापलेले दिसले. पॉसमलाही घर खाली करण्याची ताकीद मिळाली असावी, कारण तो छपरावर बसून त्यांच्याकडे समदुःखी नजरेने पाहत होता. मोडक्या कुंपणापलीकडे मर्व्ह ट्रेझाइस खिळे ठोकीत होता. मर्व्ह हा मेंढ्या राखणारे केल्पी कुत्रे तयार करीत असे, आणि जगातील कोणताही प्रश्न कुत्र्यांवरून सोडविता येतो अशी त्याची दृढ श्रद्धा होती.

"ग्वेनिथ सांगत होती, तू माणसं तयार करतोयस म्हणे," मर्व्ह म्हणाला.

"संचालक."

"तेच ते. काय शिकवतोस?"

"अजून काही नाही. उद्दिष्टं लिहितोय."

"हा बघ, इथंच चुकतोस तू. कुत्र्याला कोणी उद्दिष्टं सांगतं का? जुन्या कुत्र्याबरोबर नवा सोडायचा. जुना जिथं पळेल तिथं नवा पळतो. आपोआप शिकतं बेणं."

"आणि जुना चुकला तर?"

"तर दोघं चुकतात. पण एका जागी चुकतात, मग सापडायला सोपं जातं."

"तुझा तो जुना कुत्रा हल्ली दिसत नाही मर्व्ह."

"गेला. हमरस्त्यावर ट्रकच्या मागं पळाला."

"आणि नवा?"

मर्व्हने एक खिळा पूर्ण ठोकला. "त्याच्याच मागं," तो म्हणाला.

या संवादातून सुज्ञ मनुष्याने जो बोध घ्यावयास हवा होता तो रॉडरिकरावांनी घेतला नाही. त्यांना युक्ती तेवढी दिसली, ट्रक दिसला नाही. नवसंचालकांनी आपल्या मागोमाग फिरून काम पाहावे, असा प्रस्ताव त्यांनी दुसऱ्याच दिवशी मांडला. ब्रायनीबाई हर्षभरित झाल्या, कारण यात 'समजणे' कोठेही येत नव्हते.

सोमवारी सकाळी रॉडरिकराव मोटारीतून उतरले तेव्हा त्यांची मिरवणूक तयार होती. सर्वांत पुढे लेखाशास्त्राचा नवा संचालक डेनझिल होता. हा अत्यंत कर्तव्यदक्ष तरुण असून त्याच्या गळ्यात दोरीने पेन अडकविलेले होते. सर्वांत मागे वायोला होती. रॉडरिकरावांनी मोटारीला कुलूप लावले. मिरवणुकीने ते टिपून घेतले. ते झेरॉक्स यंत्रापाशी गेले आणि ते बिघडलेले पाहून नेहमीप्रमाणे त्याला लाथ मारली. डेनझिलने विचारले, "डावा पायच का?" पुढे ते प्रसाधनगृहाकडे वळले असता मिरवणूक दाराशी घोटाळली.

"आत काही शिकण्यासारखं आहे का?" डेनझिलने अदबीने विचारले.

"नाही," रॉडरिकराव म्हणाले.

"तसं लिहितो," डेनझिल म्हणाला, आणि त्याने तसे लिहिले.

एवढा वेळ मनुष्याच्या पाठीवर नजरा खिळल्या म्हणजे त्याला चालणेही आठवेनासे होते. रॉडरिकरावांचे तसेच झाले. तशात वेळापत्रक विभागाने त्यांच्या मातीच्या प्रात्यक्षिकाला नृत्यशाळा दिल्याचे वर्तमान आले. संचालक संकटाला कसा सामोरा जातो हे दाखविण्याची ही संधी जाणून ते सर्व लवाजम्यासह त्या विभागाच्या खिडकीशी गेले.

"नृत्यशाळेत माती कशी न्यायची?" त्यांनी करारी आवाजात विचारले.

खिडकीतील बाईंनी पडद्यावर पाहिले. "तिथं जागा आहे," त्या म्हणाल्या.

"तिथली जमीन गुळगुळीत लाकडाची आहे. भिंतींना आरसे आहेत."

"मग चांगलंच की. मुलांना माती दोन्ही बाजूंनी दिसेल."

रॉडरिकरावांनी तोंड उघडले आणि मिटले. मागून पेने चालल्याचा खसखस आवाज आला. "तोंड मिटलं, ते उत्तर म्हणून लिहायचं का?" डेनझिलने हळूच विचारले. वायोला काहीच लिहीत नव्हती. ती खिडकीतील बाईंकडे विलक्षण कुतूहलाने, एखादे नवीन जातीचे तण पाहावे तशी, टक लावून पाहत होती.

मिरवणुकीचा प्रयोग आटोपता घेऊन रॉडरिकरावांनी बंद खोलीचा आश्रय घेतला. संतप्त विद्यार्थ्याला कसे शांत करावे, याचा सराव करावयाचा होता. नाट्यविभागाने एक नट पाठविण्याचे कबूल केले होते. ठरल्या वेळी दार धाडकन उघडले आणि एक धिप्पाड, तांबूस केसांचा, शेतकरी टोपी घातलेला तरुण आत शिरला.

"व्हिटकोम कोण?" तो गरजला. "मला दोन महिने झाले कोणी उत्तर देत नाही. मातीची ओळख हा विषय मी कृषी शाळेत शिकून आलोय. आता म्हणता पुन्हा शीक. मी जन्मल्यापासून मातीतच वाढलोय. बापानं मेंढ्या विकून फी भरलीय माझी. कोणाकडे जायचं माणसानं? प्रत्येक दारावर लिहिलंय, दुसऱ्या दारावर जा."

बोलता बोलता त्याचा आवाज फुटला आणि डोळ्यांत पाणी आले. मग सर्व नवसंचालकांनी टाळ्या वाजविल्या.

"राग फारसा वाईट नव्हता," डेनझिल म्हणाला. "पण ते मेंढ्यांचं जरा जास्त झालं. आणि रडणं थोडं उशिरा घेतलं असतंस तर बरं."

"मी खरा आहे," तो तरुण म्हणाला.

"तेच म्हणतोय मी, खरा वाटतोस."

इतक्यात दारावर नाजूक टकटक झाली आणि नाट्यविभागाचा नट आत आला. उशिराबद्दल क्षमा मागून तो मागच्या खुर्चीत बसला, आणि पुढ्यातील दृश्य पाहून लगोलग टिपणे घेऊ लागला. पहिला तरुण हेमिश मॅकॅस्किल हा कृषिविज्ञानाचाच विद्यार्थी होता. त्याचा अर्ज सहा समित्यांतून फिरून सध्या कोठे होता हे कोणालाच ठाऊक नव्हते. रॉडरिकरावांना ते नक्की ठाऊक असावयास हवे होते. हेमिश एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिला, मग टोपी नीट करून निघून गेला. वायोला उठून त्याच्या मागे गेली.

हेमिशने तक्रार केली, आणि ती कोणीही करावी अशीच होती. तेथील नियमानुसार अभ्यासक्रमाविषयीची प्रत्येक तक्रार प्रथम संचालकाकडे येते. त्यामुळे रॉडरिकरावांविरुद्धची तक्रार रॉडरिकरावांकडेच आली. त्यांनी स्वतःकडून स्पष्टीकरण मागविले, आणि ते असमाधानकारक वाटल्याने ती वर पाठविली.

"आता बघ," डीनबाई प्रसन्नपणे म्हणाल्या, "तक्रार उघडी असताना तुला रजा कशी देऊ? पण तू सज्ज संचालक मागे ठेवून गेलास, तर तक्रार तिच्याकडे जाईल आणि तू मोकळा. कार्यक्रम संपवून टाक, म्हणजे झालं."

ही शेवटची आशा होती. ईस्टर चार दिवसांवर आला होता. घरी ग्वेनिथबाईंनी कॅराव्हॅन मागे घेऊन रस्त्याकडे तोंड करून उभी केली होती, आणि मोटारीत डाव्या बाजूच्या आसनावर पाण्याचे डबे ठेवून पाहिले होते. ते नेमके बसले होते.

समारोपाच्या सभेला डीनबाई स्वतः आल्या. ब्रायनीबाई उभ्या राहून म्हणाल्या, "आपल्या कार्यक्रमाचं यश मोजायची पद्धत परदेशातून आणलीय. फार सोपी आहे. मी विचारते, 'संचालकपद समर्थपणे सांभाळायला मी पूर्ण सज्ज आहे' असं कोणाकोणाला वाटतं? त्यांनी हात वर करावा. निम्मे हात आले की कार्यक्रम यशस्वी. नाही आले तर पहिल्यापासून पुन्हा."

ही पद्धत ज्या देशातून आली तेथे कदाचित लोक असा प्रश्न विचारण्यापूर्वीच हात वर करून बसत असतील. वॉरिनूकमध्ये तिचा काय परिणाम व्हावा? एकही हात हलला नाही. नर्सिंगच्या बाईंनी आजवर अतिदक्षता विभाग चालविला होता, पण त्यांनी नजर खाली वळविली. स्वतःला समर्थ म्हणविणे म्हणजे भरसभेत सदरा काढून स्नायू फुगवून दाखविण्यासारखे होते.

"डेनझिल, तुला काय वाटतं?" ब्रायनीबाईंनी घायकुतीला येऊन विचारले.

"ठीकठाक," डेनझिल लाजून म्हणाला. "फार वाईट नाही."

या प्रदेशात याहून मोठी स्तुती उपलब्ध नाही, हे सभेतील प्रत्येकाला ठाऊक होते. परंतु पद्धतीला ते ठाऊक नव्हते. 'ठीकठाक' हा वर झालेला हात म्हणून मोजता येत नव्हता. डीनबाईंनी सहानुभूतीने मान हलविली आणि कार्यक्रमाची पुढील आवृत्ती मे महिन्यात घेता येईल असे सुचविले. रॉडरिकराव टेबलाची कडा धरून उभे होते. त्यांच्या दृष्टीपुढून ती मोटार पाण्याच्या डब्यांसह कॅराव्हॅन ओढीत पश्चिमेकडे जाऊ लागली होती, आणि डबे तिच्यात अतिशय समाधानी दिसत होते.

तोच मागच्या ओळीतून एक हात वर झाला.

"मी पूर्ण सज्ज आहे," वायोला म्हणाली.

सभागृहात अशी शांतता पसरली, की बाहेरच्या निलगिरीवरील गॅला पक्ष्यांचे भांडण शब्दशः ऐकू येऊ लागले. माणसे संकोचाने आपापल्या बुटांकडे पाहू लागली. वायोलाचा चेहरा लाल झाला होता. तिच्याही घरी आत्मस्तुतीला कोणी चांगले म्हणत नसे, आणि तिची आई तेथे असती तर तिने तो हात ओढून खाली आणला असता. पण तिने तो वरच ठेवला.

"किती सज्ज?" डीनबाईंनी विचारले.

"समर्थपणे," वायोला दात आवळून म्हणाली.

निम्मे हात आले नव्हते. परंतु 'नाही' म्हणणे डीनबाईंच्या स्वभावात नव्हते, आणि या वेळी प्रथमच त्याचा कोणाला तरी उपयोग झाला. त्यांनी घड्याळ पाहिले, कार्यक्रम यशस्वी झाल्याचे जाहीर केले, आणि त्या चहाकडे वळल्या. डब्यांना आसन सोडावे लागले.

पश्चिमेच्या वाटेवरील नलारबोरच्या मैदानात फोनची रेंज क्वचितच सापडते. मुक्कामाच्या एका ठिकाणी ती सार्वजनिक जेवणाच्या बाकावर उभे राहिल्यास मिळते, अशी वार्ता होती. रॉडरिकराव पोहोचताच त्या बाकावर चढले. पंधरवडाभर त्यांनी फोन केला नव्हता. आपल्यामागे विभागाची जी दैना उडाली असेल तिच्या कल्पनेने ते व्याकूळ झाले होते, आणि सत्य सांगावयाचे तर काहीसे सुखावलेही होते. पोरीला निदान काही शंका तरी विचारावयाच्या असतील, म्हणून त्यांनी उत्तरे मनात जुळवून ठेवली होती.

"बोल वायोला. घाबरू नकोस. काय अडलंय?"

"काही नाही. तुम्ही कसे आहात?"

"माझं सोड. मातीचं प्रात्यक्षिक?"

"प्रयोगशाळेत होतंय. मी मुलांना घेऊन आत जाऊन बसले. ज्यांचा तास होता ते आले, तर त्यांना म्हटलं नृत्यशाळा रिकामी आहे. गेले ते. हिशोबाचा वर्ग होता, त्यांना आरसे आवडले म्हणे."

"आणि हेमिश?"

"त्याला सूट दिली. मातीचा विषय पुन्हा करायला नको म्हणून लेखी कळवलं. त्याच्या बापालाही फोन केला. तक्रार मागे घेतली त्यानं."

रॉडरिकरावांचा तोल गेला. सावरून ते म्हणाले, "अगं, पण संचालकाला तसा अधिकार नाही. त्याला समिती लागते. वर दुसरी समिती लागते."

"ठाऊक आहे मला. तुम्हीच शिकवलंत, संचालकाला काही अधिकार नाही. पण मी विचारून पाहिलं प्रत्येकाला, की कोणाला आहे? तर प्रत्येकजण म्हणाला, मला नाही, बहुतेक तुलाच असेल. म्हणजे रॉडरिक, मला अधिकार नाही हे इथं फक्त मला आणि तुम्हाला माहीत आहे. तुम्ही कोणाला सांगू नका म्हणजे झालं."

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली. "ठेवते," ती म्हणाली. "मजा करा. घाई करू नका परत यायची."

रॉडरिकराव काही काळ बाकावरच उभे राहिले. चारी दिशांना क्षितिजापर्यंत एकही झाड नव्हते. एवढी वर्षे जो दगड त्यांनी छातीवर वाहिला, तो त्या मुलीने बाजूला सरकवून त्यावर बसून चहा प्यावा तसे झाले होते. मग ते सावकाश खाली उतरले आणि जड पावलांनी कॅराव्हॅनकडे आले. ग्वेनिथबाई चहा ओतीत होत्या. त्यांनी पतीचा चेहरा पाहिला आणि किटली खाली ठेवली.

"काय झालं रे? विद्यापीठात सगळं ठीक आहे ना?"

"सगळं सुरळीत चाललंय, ग्वेनिथ," रॉडरिकराव म्हणाले. "काही म्हणजे काही अडलेलं नाही."

हे त्यांनी अशा स्वरात सांगितले, की पलीकडच्या कॅराव्हॅनसमोर बसलेल्या अनोळखी गृहस्थाने वर्तमानपत्र मिटले, उभे राहून टोपी काढली, आणि विचारले, "फार जवळचं होतं का कोणी?"